प्रत्येकाच्या मनासारखा लॅपटॉप

दिग्रसला कापसाच्या जिनिंगच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये लॅपटॉप तयार होतात, असे कोणी सांगितले तेव्हा मी हसले होते. तरी नोकरीचा अर्ज घेऊन गेले. भाऊसाहेब गावंडे यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि एक बंद पडलेला लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "उघडा." खालच्या झाकणाला एकच स्क्रू होता. आत पंख्याला रुई गुंडाळलेली. मी ती काढली, पंखा फिरला. "झालं. उद्यापासून या, ताई," भाऊसाहेब म्हणाले. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहायला बसले, तर आधी तो पंखाच आठवला.

पुण्याची चांगली नोकरी सोडून भाऊसाहेब गावी आले होते. सुटे भाग बाहेरून आणायचे आणि जुळवणी इथे करायची, असा त्यांचा बेत. तेव्हा आमचा लॅपटॉप एकच होता. दिसायला ढब्बू, वजनाला जड. पण ज्याला स्क्रू फिरवता येतो त्याला तो दुरुस्त करता येई. कळंबकडच्या एका शाळेचे ढोके मास्तर तर बंद पडलेल्या लॅपटॉपची बॅटरी काढून दुसऱ्याला लावत आणि वर्ग चालू ठेवत. सुटे भाग सांभाळायचे काम माझ्याकडे होते, आणि ते सगळे एका रॅकवर मावत.

भाऊसाहेबांचा मोठेपणा सांगायचा तर तो एवढाच, की त्यांच्या दारातून कोणी हिरमुसून गेले नाही. आणि आमचे नुकसानही तिथेच झाले. गौरवलेखात हे लिहू नये, असे मला सुचवले गेले होते. पण खोटे लिहिलेले भाऊसाहेबांना खपणार नाही.

पुसदच्या एक शिक्षिका आल्या. "भाऊसाहेब, एसटीत हे भलतंच ओझं होते जी. हलका द्या ना एखादा." भाऊसाहेब आपल्या वऱ्हाडीत म्हणाले, "होऊन जाईन", म्हणजे होऊन जाईल. झाला. सोयाबीनच्या एका व्यापाऱ्याची बोटे जाड, त्याला आकड्यांच्या वेगळ्या कळा हव्या होत्या. त्याही झाल्या. कोणाला पडदा मोठा हवा, कोणाला रंग लाल. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा न सांगता त्यांनी ठसठशीत अक्षरांचा कीबोर्ड करवून घेतला आणि म्हणाले, "तुमच्यासारखे आणखी असतीन की. यादीत घालून टाकू." हा लेख मी त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे. त्यांच्या मायेची अशी एकेक आठवण म्हणजे आमच्या कारखान्याचे एकेक मॉडेल होते.

मी एकदा चिडून म्हणाले, "भाऊसाहेब, आता रॅकवर जागा नाही." ते म्हणाले, "मग एक रॅक घेऊन घेऊ." मी कपाळाला हात लावला. त्या माणसाला टोमणा कधी कळलाच नाही.

पुढे व्हायचे ते झाले. शाळा उघडायच्या तोंडावर लाल लॅपटॉपचे पडदे पडून असत आणि मागणी हलक्याला असे. एकाचा चार्जर दुसऱ्याला चालत नसे. जुळवणीच्या कामावरच्या बायका अर्धवट लॅपटॉप समोर घेऊन रिकाम्या बसत. मग एक दिवस ढोके मास्तर तीन बंद लॅपटॉप घेऊन आले. तिन्ही आमचेच, तिन्ही निराळे. "भाऊसाहेब, पयले तीन बंद पडले तं दोन चालू करून घेत होतो. आता एकाचं एकाले लागूनच नाही राह्यलं. पोरं नुसती बसून राह्यली." मास्तर रागावले असते तर बरे झाले असते. ते दुःखाने बोलले, आणि भाऊसाहेबांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

कारखाना बंद झाला. शेवटच्या महिन्यात भाऊसाहेब प्रत्येक बाईच्या घरी स्वतः गेले, ओळखीच्या दुकानांत आणि दवाखान्यांत शब्द टाकून कित्येकींना कामाला लावून दिले. सगळ्यांचे जमले नाही. माझ्याकडे आले तेव्हा चहा तसाच निवत ठेवून म्हणाले, "दोनच पुरे होते, सुनंदाताई. एक टेबलावरचा, एक पिशवीतला. मले नाही म्हणता आलं नाही." मला फार वाईट वाटले. अजूनही त्या शेडवरून जाताना मी दुसरीकडे बघते.

यंदा त्यांचा सत्कार ठरला तेव्हा यवतमाळ, पुसद आणि दिग्रस, तिन्ही ठिकाणच्या मंडळींना आपापला वेगळा समारंभ हवा होता. सगळे भाऊसाहेबांच्या ओसरीवर जमले आणि आपापले म्हणणे मांडले. आता "होऊन जाईन" येणार म्हणून मी वाट पाहत बसले. भाऊसाहेबांनी सगळ्यांचे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नाही. एकच ठेवा. दिग्रसले."

पुसदची मंडळी जराशी रुसली. माझे मात्र डोळे भरून आले. हा शब्द शेडमध्ये एकदा जरी ऐकू आला असता, तरी आज हा सत्कार आम्ही त्याच शेडमध्ये, पंख्यांच्या घरघरीत केला असता.

भाऊसाहेब, उशिरा का होईना, तुम्हाला हा शब्द जमला. आता आमच्यासाठी धावपळ करू नका; ज्याला त्याला खुशाल नाही म्हणा. तब्येत सांभाळा, चांगली शंभरी गाठा. एवढ्या एका मागण्याला मात्र जुन्या सवयीने "होऊन जाईन" म्हणा.