दुसरी सही

कुठल्याही कागदावर सही करताना माझा हात अजून सर्व्हिस नंबर लिहायला जातो. बँकेत, गॅसच्या पावतीवर, नातीच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा. पेन नावापाशी थांबत नाही, पुढे दोन आकडे उमटतात आणि मग मला ते खोडावे लागतात. बायको म्हणते, "अहो, एवढी वर्षं झाली, आता तरी रिटायर व्हा." मी झालोय. हात झाला नाही.

हवाई दलात मी पंधरा वर्षं विमानातले वायरलेस संच दुरुस्त केले. विमान चालवलं नाही, आणि बंदूक धरली ती परेडपुरती. आमची सगळी लढाई स्क्रूंशी. काम संपलं की फॉर्मवर सही करायची, म्हणजे हे काम मी केलं. तिच्याखाली दुसऱ्या माणसाने सही करायची, म्हणजे ते मी उघडून बघितलं. या दोन सह्या झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे, मग आत कितीही मोठा साहेब बसलेला असो.

माझ्या सहीखाली बरीच वर्षं एकाच माणसाची सही होती. वाळवंटातल्या एका तळावर एक स्क्रू निघेना म्हणून मी त्याला कन्नडमधून शिव्या घालत होतो, तेव्हा मागून कुणी तरी हसलं. तो माझ्याहून दोन वर्षं सीनियर. चौकशी केली तर गडी आमच्या मैसूरचाच, देवराज मोहल्ल्यात माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, शिंपीकामाच्या दुकानामागच्या गल्लीतला, आणि घरात आमच्यासारखीच मराठी बोलणारा. त्याच्या आईचे ब्लाउज अप्पांनी शिवलेले. त्या दिवसापासून आम्ही दोघं हँगरमध्ये आमची घरची, निम्मी कन्नड मिसळलेली मराठी बोलायचो. पुण्याहून आलेला एक सार्जंट म्हणायचा, "ही कुठली मराठी रे बाबा?"

एकदा मला रजा मिळाली होती. बायको मैसूरला पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. गाडीला दीड तास उरला होता. मी संच बसवला, झाकण बंद केलं आणि फॉर्म त्याच्यापुढे धरला.

"सही कर, गुरू. गाडी चुकेल माझी."

"आधी उघड."

"अरे, मी केलंय ना!"

"तू केलंस तर बघायला काय हरकत? आधी उघड, मग सही."

त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी आठही स्क्रू काढले. आत एक कनेक्टर जागेवर टेकला होता, पण अडकलेला नव्हता. विमानाला दोन धक्के बसले असते की सुटला असता. मी कनेक्टर नीट बसवला, त्याने सही केली, आणि मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून स्टेशनात पोचवलं. ही गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नाही. या माणसावर आयुष्यभर विश्वास ठेवायचा, हे मी गाडीत बसल्यावर ठरवून टाकलं.

तो माझ्याआधी बाहेर पडला आणि मैसूरच्या औद्योगिक वसाहतीत, स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. पंधरा वर्षं भरल्यावर मीही आलो. ट्रंकेत ट्रेडची सर्टिफिकेटं आणि डोक्यात मोठा तोरा. आम्ही विमानं उडती ठेवलीत, आम्हाला कोण नाही म्हणणार? सगळे म्हणाले. एका ठिकाणी विचारलं, "डिप्लोमा?" मी सर्टिफिकेट पुढे केलं. त्या साहेबाने ते उलटं करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. दुसरीकडे म्हणाले, "पण आमच्याकडे विमानं नाहीत." तिसऱ्या साहेबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सिक्युरिटीत येता का? सुपरवायझर करतो." फौजेतून आलेला माणूस दिसला की लोकांना आधी गेट आठवतं.

आठ महिने असे गेले. मग माझ्या त्या हँगरमधल्या दोस्ताने मला त्याच्या मालकापुढे नेऊन उभं केलं. तोवर तो तिथे प्रॉडक्शनचा प्रमुख झाला होता. म्हणाला, "सर, या माणसाची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." मला टेस्टिंगमध्ये घेतलं. घरी येऊन मी ते वाक्य बायकोला दोनदा ऐकवलं.

टेस्टिंग म्हणजे काय, तर प्रत्येक स्टॅबिलायझर पूर्ण लोडवर आठ तास चालवायचा, किती तापतो ते बघायचं आणि फॉर्मवर सही करायची. सहीला जागा एकच. सुरुवातीला ती एकटी सही मला उघडीबोडकी वाटायची. मी तिच्यापुढे सर्व्हिस नंबरही लिहायचो. लोक हसायचे, मला पर्वा नव्हती.

दोन वर्षांनी एका शनिवारी दुपारी तो चाळीस कोरे फॉर्म घेऊन माझ्या टेबलापाशी आला. तालुक्यातालुक्याच्या दवाखान्यांतल्या लसींच्या फ्रिजसाठी चाळीस स्टॅबिलायझर जायचे होते. लॉरी गेटवर उभी होती.

"हे माझ्याकडे टेस्टिंगला कुठे आले?" मी विचारलं.

"वेळ नव्हता रे. काल सगळा दिवस मी स्वतः चालवलेत, माझ्या शेडमध्ये. पण फॉर्मवर माझी सही चालत नाही ना, टेस्टिंगचीच लागते. सुम्ने सही कर कणो, उगाच बाकीचं नको."

"एखादा तरी उघडून बघतो."

"अय्यो, लॉरीवर चढलेत सगळे. मी चालवलेत म्हणतोय ना!"

मला ते पटलं नाही, खोटं कशाला सांगू? पण समोर कोण होता? न उघडता ज्याने माझं एकही काम कधी पास केलं नाही, तो. असा माणूस चालवले म्हणतो म्हणजे चालवलेच असणार. शिवाय नोकरी त्यानेच लावलेली. मी चाळीस सह्या केल्या, चाळीस वेळा नंबर घातला. शेवटच्या सहीला त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

तीन आठवड्यांत सरगूरच्या एका दवाखान्यातला स्टॅबिलायझर जळाला. फ्रिज बंद पडला, लसी फुकट गेल्या. मग आणखी दोन ठिकाणी तसंच झालं. मालकाने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि फॉर्मची चळत माझ्याकडे सरकवली.

"ही सही तुमची?"

"हो सर."

"आठ तास चालवले होते?"

मी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या दोस्ताकडे पाहिलं. आता तो बोलेल म्हणून थांबलो. हँगरमध्ये, ज्याने सही केली तो 'मला अमक्याने सांगितलं' असं म्हणत नसे. ज्याने सांगितलं तो आपणहून पुढे यायचा. तो टेबलाच्या काचेकडे बघत होता. मग म्हणाला, "सर, टेस्टिंग त्यांच्याकडे होतं."

त्यांच्याकडे! ज्याच्या सायकलच्या कॅरिअरवर मी बसलो होतो, त्याने माझं नावसुद्धा घेतलं नाही.

"मी चालवले नव्हते, सर," मी म्हणालो. त्याच दिवशी माझी नोकरी गेली. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं.

घरी सांगितल्यावर बायको कपाळाला हात लावून बसली. "बेकित्ता हे सगळं? हवं होतं का? तुमचं तुम्ही काम करत होता." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण तुम्ही उघडून बघितलं होतं का?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'साठी मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही, कारण ती बरोबर होती.

औद्योगिक वसाहत मोठी दिसते, पण बातमी तिथे चहाच्या गाडीवरून फिरते. पुढे जिथे गेलो तिथे माझ्याआधी ती पोचलेली असे: न बघता सही करणारा फौजी. पंधरा वर्षांत एकही विमान माझ्या हातून बिघडलं नव्हतं, आणि माझं नाव चाळीस लोखंडी डब्यांनी घालवलं. शेवटी अप्पांच्या बंद पडलेल्या दुकानात मी टीव्ही दुरुस्त करू लागलो. मग कंप्युटर आले, तेही उघडून उघडून शिकलो. पावतीवर सहीला दोन ओळी ठेवल्या. वरची माझी. खालची गिऱ्हाइकाची, ती सुद्धा वस्तू स्वतः चालवून बघितल्यावर.

त्याच्यावरचा माझा राग हळूहळू निवला. घाबरला असेल, मी स्वतःला समजावायचो. दोन मुली, अर्धवट बांधलेलं घर. ऐन वेळी माणसाची जीभ टाळूला चिकटते. भित्र्या माणसाला माफ करता येतं, आणि मी जवळजवळ केलंही होतं.

बारा वर्षांनी तो दुकानात आला. केस पांढरे, बगलेत कंप्युटरचा डबा. मुलगी परदेशात, तिच्याशी बोलायला लागतो, म्हणाला. मी डबा ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी आतला जळका भाग बदलला, दिवसभर चालवला, झाकण लावलं. संध्याकाळी तो आला तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो.

"एक विचारू?" मी म्हणालो. "टेस्टिंगला आम्ही चौघं होतो. फॉर्म घेऊन माझ्याकडेच का आलास?"

तो जरा हसला. इतक्या वर्षांनी लपवण्यासारखं काय राहिलं, अशा थाटात त्याने सांगितलं. "त्या तिघांनी मालकासमोर माझं नाव घेतलं असतं रे. तू घेणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. तुझ्यासारखा माणूस नाही कणो." ते तो कौतुकाने म्हणाला.

म्हणजे तो घाबरला नव्हता. शनिवारी दुपारी, लॉरी उभी असताना, कुठले डबे चालवले नाहीत आणि ते जळाले तर कोण गप्प राहील, हे दोन्ही त्याला माहीत होतं. मला त्याच्याकडे बघवेना. बारा वर्षं ज्याला मी थोडा थोडा माफ करत आलो होतो, तो भित्रा माणूस मुळी नव्हताच.

त्याने खिशातून पेन काढलं आणि पावती ओढली. खालची ओळ त्याला शोधावी लागली नाही.

"चालवून बघ," मी म्हणालो.

"तू केलंयस ना? बघायचं काय त्यात! तुझ्यावर विश्वास आहे माझा."

मी पावती त्याच्या हाताखालून काढून घेतली आणि तिच्या जागी स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

"आधी उघड," मी म्हणालो.