बिनदाढीच्या राजाचा रुपया

पुसदच्या सराफ्यामागच्या गल्लीत माझी भट्टी होती. दुकान म्हणावं असं काही नव्हतं. वर टीन, खाली सारवलेली जमीन, भट्टी, हवा मारायचा पंखा, चारदोन मुशी, सांडश्या आणि उंबऱ्याजवळ एक काळा दगड. सराफ लोक जुनी चांदी पाठवायचे, फुटके वाळे, झिजलेले तोडे, कडदोऱ्याचे तुकडे. मी ते गाळून लगड पाडून द्यायचो. उभा जन्म हेच केलं. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तरनं बिनगुन्ह्याचं मारलं, तर पाटी तिथंच ठेवून आलो ती पुन्हा आणायला गेलो नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

त्या काळ्या दगडाचं आधी सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही.

भट्टीत रुपये लय यायचे. आमच्याकडे तांडे पुष्कळ, आणि जुन्या बंजारा बायांच्या गळ्यात रुपयांचे हार. एकेका रुपयाला कडी जोडलेली, दोऱ्यात ओवलेला. म्हातारी गेली, नाही तर घरात लग्न निघालं, की हार माझ्याकडे यायचा. मी एकेक रुपया दगडावर टाकून ऐकायचो. राणीचा रुपया, बोडक्या राजाचा, दाढी आणि मुकुटवाल्या राजाचा, हे तिन्ही चांगल्या चांदीचे. दगडावर पडले की लांब वाजतात, आवाज हवेत राहतो. शेवटचा राजा बिनदाढीचा. त्याच्या वेळेला मोठी लढाई लागली आणि सरकारनं रुपयात चांदी अर्ध्यावर आणली. तो रुपया थप्प पडतो, लाकडासारखा. त्याच्या काठावरच्या रेघांत मधोमध एक खाच असते, ती नखाला लागते. असे रुपये चांगल्या चांदीत पडले तर सगळी लगड नासते, पिवळट दिसते. म्हणून भट्टीवाल्याचं पहिलं काम, बिनदाढीचे वेगळे काढायचे.

माझा उस्ताद मला भिंतीकडे तोंड करून बसवायचा आणि मागून दगडावर रुपये टाकायचा. चुकलो की त्या दुपारची भाकर उशिरा. मिसरूड फुटायच्या आधी माझं चुकणं बंद झालं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतो. माझ्याकडे दुसरं होतं काय?

पुढं समोरच्या दुकानात चांदीचा कस सांगायची मशीन आली. चांदी ठेवायची, झाकण लावायचं, आकडा वाचायचा. सराफांची नवी पोरं तिकडं जाऊ लागली. मी उंबऱ्यातून ओरडायचो, "अरे, त्या डब्ब्याले कान हायेत का?" ते हसायचे आणि तिकडंच जायचे. अंगार व्हायचा माझ्या डोक्यात.

यवतमाळचे एक गुरुजीही यायचे. रिटायर झालेले, जुनी नाणी जमवायचा नाद. वितळायच्या आधी एकदा मला पाहू द्या म्हणायचे. मी एकदाही पाहू दिलं नाही. म्हणायचो, "गुरुजी, वाचायचं असंन तर लायब्ररीत जा. इथं आगीचं काम हाय." ते चहा पाजायचे आणि शेवटच्या गाडीच्या आत परतायचे. दोनतीन महिन्यांनी पुन्हा हजर.

चांदीचा भाव वर वर चढायला लागला त्या दिवसांतली गोष्ट. भर दुपारी एक म्हातारी आली. तांड्यावरची, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठी असावी. अशा बायांना आम्ही गावातले याडी म्हणतो, त्यांच्या बोलीत आईला तसं म्हणतात. तिनं फडक्यातून हार काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मशीनवाल्याच्या दारावरून चालत येऊन माझ्याकडे आली, हे मी पाहिलं होतं. छाती फुगली माझी.

"भिया," ती म्हणाली. भिया म्हणजे भाऊ. "याची एक लगड कर आन् तिचे तीन तुकडे कर. एकसारखे. गुंजेचा फरक नाही पाह्यजे."

"विकत नाही का?"

"विकू कायले? तीन पोरी हायत मले. मोठी म्हन्ते राणीचे माह्ये, मधली म्हन्ते दाढीवाले माह्ये. मी मेल्यावर ह्या एकमेकीच्या झिंज्या उपटतीन. वितळलं म्हन्जे कोनाले राणी नाही, कोनाले राजा नाही."

मला तिची अक्कल आवडली. मी तिला सांगितलं की यात बिनदाढीचे असतील तर ते मी घेणार नाही, वेगळे काढून परत देईन. ती हो म्हणाली. मी कड्या कापल्या आणि डोळे मिटून दगडावर एकेक टाकू लागलो.

"झोपला का काय रे भिया?"

"पाहून राह्यलो, याडी."

"डोये मिटून?"

"डोळे लबाड असतात."

ती हसली. तोंडात दात दोनच होते, पण हसणं मोठं होतं. राणीचे एकीकडे, दाढीवाले त्यांच्याच बाजूला, बिनदाढीचे दुसरीकडे. थप्प, थप्प, थप्प. आणि मग एक पडला आणि लांब वाजला.

मी डोळे उघडले. राजा बिनदाढीचाच होता. मला वाटलं, कान चळला. पुन्हा टाकला. पुन्हा तसाच, पातळ आणि लांब, पार गल्लीच्या टोकापर्यंत गेल्यासारखा. काठावरून नख फिरवलं. खाच नव्हती. उभ्या जन्मात असा रुपया हातात आला नव्हता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! समोरचा मशीनवाला दारात उभा होता, त्याला मी हाक मारली, "हे ऐक! बिनदाढीचा हाय आन् चांदी पुरी हाय!" त्यानं मान हलवली आणि आत गेला. मी तो रुपया उचलून चांगल्यांच्या ढिगात ठेवला.

म्हातारीनं ते पाहिलं. "त्याले तिकडं काहून टाकलं? त्याच्यासारखेच बाकीचे हायत ना."

"दिसाले सारखे. हा खरा हाय."

"राहू दे ना त्याच्या भावाभावांत. एकानं काय होते?"

"याडी, पुरी चांदी हाय. तुमच्या पोरींच्या वाट्याची. अशी कशी सोडू? मी कोनाची रतीभर चांदी खाल्ली नाही आजपर्यंत."

तिनं त्या रुपयाकडे बोट केलं. मग म्हणाली, "लिवलं काय हाय त्याच्यावर? पाहा तरी."

आकडे मला येतात. तराजूवर वाचतोच मी. पण चष्मा मी लावत नाही, तेव्हाही लावत नव्हतो, आणि तिच्यासमोर रुपया डोळ्याला चिकटवून पाहायची मला लाज वाटली. ज्याला कान आहे त्यानं डोळे फाडून पाहायचं? मी म्हणालो, "लिहिलेल्याले वजन नसते, याडी."

हे मी म्हणालो. ह्याच तोंडानं.

मूस लाल झाली. राणीचे रुपये आधी घातले, मग दाढीवाले, मळ वर यायला टाकणखार मारला, आणि तो एक सगळ्यात शेवटी, वरून. बाकीचे खाली बसत गेले. हा वर राहिला. आधी काठ गेला, मग अक्षरं. तोंड तेवढं तरंगत राहिलं, नाक, हनुवटी, मुकुटाची एक बाजू. मग एकदम आरसा झाला. वितळलेली चांदी आरशासारखीच दिसते, त्यात नवीन काही नाही. लगड पांढरीशुभ्र पडली. तीन तुकडे केले, तराजूवर तिला दाखवले, बिनदाढीचे सगळे रुपये फडक्यात बांधून परत दिले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी म्हातारा माणूस, पण बरं वाटलं.

त्यानंतर महिनादोन महिन्यांनी गुरुजी आले. नेहमीसारखा चहा सांगितला. मी खुशीत होतो, त्यांना माझ्या कानाची गोष्ट ऐकवायची होती. म्हटलं, तुमच्या पुस्तकात नसेल अशी गोष्ट सांगतो. आणि सांगितली.

गुरुजींचा कप तोंडाजवळ गेलेला होता तो तसाच राहिला. "काठाला खाच नव्हती?"

"नव्हती."

"साल पाहिलं?"

"नाही."

"कुठाय तो?"

मी भट्टीकडे बोट केलं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग हळू सांगितलं. त्या राजाचे पुऱ्या चांदीचे रुपये पहिल्या दोनच सालांचे. त्यानंतर चांदी कमी केली. त्याचे ते पुऱ्या चांदीचे बहुतेक परत गोळा होऊन वितळले, लोकांकडे राहिले ते बोटावर मोजण्याएवढे. "तो चांदीच्या भावात जात नाही हो. जमिनीच्या भावात जातो." मग माझं तोंड पाहून त्यांनी बाजू सावरली. म्हणाले, नकलीही लय निघतात. चांगल्या चांदीसारखा वाजेल असा खोटा रुपया पाडणारे आहेत. तुमचा तो नकलीच असेल. आवाजात फसला असाल.

गुरुजी भला माणूस. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. तेवढं म्हणायचं होतं, हो, चुकलो असेन, कानच तो, फसला असेल. की सुटलो. म्हातारीचं काही गेलं नाही, माझ्या हातून काही झालं नाही.

माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी म्हणालो, "गुरुजी, हा कान फसत नाही." ते मान खाली घालून निघून गेले.

तेव्हापासून तो रुपया माझ्या मागे लागला. भुताखेतावर विश्वास ठेवणारा मी माणूस नाही, हे आधीच सांगतो. पण एसटीत कंडक्टरनं दांडीवर नाणं ठोकलं की मी मागे वळून पाहायचो. नळावर कोणाचा गडवा पडला की थांबायचो. घरात सुनेच्या हातून चमचा फरशीवर पडला तर जेवता जेवता हात थांबायचा. ती म्हणायची, "मामंजी, काय झालं?" काही नाही म्हणायचो. सगळ्यांत वाईट म्हणजे भट्टीवर. चांदी आरसा झाली की मी तोंड फिरवायचो. भट्टीवाल्यानं त्याच वेळी पाहायचं असते, चांदी तयार झाली का ते. मी पाहीनासा झालो. एक लगड कच्ची पडली, मग दुसरी. सराफ एका शब्दानं बोलला नाही, फक्त माल पाठवायचा थांबला. वय झालं म्हणाले लोक. मीही तसंच म्हणू दिलं.

भट्टी बंद केली त्या आठवड्यात मी तांड्यावर गेलो. पुसदहून तासभराची गाडी, पुढं पायी. म्हातारी दारात तूर निवडत बसली होती. मला ओळखलं. बाज टाकली. मी बसलो नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. गुरुजी जे म्हणाले तेही, नकली असेल म्हणाले तेही. लपवलं काहीच नाही.

ती उठून आत गेली. मला वाटलं, घरातल्या कोणाला तरी बोलावते. ती तेच फडकं घेऊन आली. मी बांधून दिलेले रुपये, गाठही मीच मारलेली. दारात पाटा होता, त्यावर ठेवून म्हणाली, "वाजव."

"याडी, हे तर..."

"वाजव म्हन्लं ना."

मी एकेक टाकला. थप्प. थप्प. सगळे तसेच. शेवटचा पडला तेव्हा ती म्हणाली, "म्हन्जे तुहा कान खरा होता."

"हो."

"कान खोटा असता तं तो रुपया इथं या फडक्यात असता."

"हो, याडी."

एवढं कोणी मला उघडून सांगितलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. तिथं मात्र मी बाजेवर बसलो. ती तुरीत हात घालून काही वेळ खडे शोधत राहिली, मग विचारलं, "कोन्या पोरीच्या तुकड्यात गेला तो?"

"तिघींच्याही. वितळल्यावर वेगळा थोडीच राहते. थोडाथोडा सगळ्यांत."

तिनं बोटांवर काहीतरी केलं. मोठी, मधली, धाकटी. "मंग बराबरच झालं," ती म्हणाली. आणि लगेच आवाज खाली आणून, "हे पोरींले कळू देजो नको. आता वाटे सारखे हायत. तुह्या रुपयापायी पुन्हा झिंज्या उपटतीन. समजलं?"

मी शिव्या खायला गेलो होतो. तिनं तोंड बंद ठेवायला सांगितलं. म्हणून हे लिहून घेणाऱ्याला मी कोणाचं नाव घालू दिलं नाही. लिहिलेल्याला वजन असते, हे आता मला कळते.

तिची धाकटी माहेरी आलेली होती. ती चहा घेऊन बाहेर आली. पायात नवे तोडे, तिच्या वाट्याच्या तुकड्याचे, म्हणजे माझ्याच लगडीचे. उंबऱ्यापासून बाजेपर्यंत सातआठ पावलं. मी डोळे मिटले आणि कान दिला. चांदीचा आवाज होता, चांगल्या चांदीचा. दुसरं काही ऐकू येतं का म्हणून मी थांबलो.

"बाबा, चहा घ्या ना," ती म्हणाली. "झोपले का?"

म्हातारी तुरीतून मान वर न करता म्हणाली, "थांब. पाहून राह्यला तो."