धनराजभाऊंची बाकी राहिलेली फेरी

नागपूरला निघालोय म्हटल्यावर घरातून एकच प्रश्न आला, "संत्री आणायला?" मी म्हटलं, मोटारशर्यतीसाठी. बायकोनं माझ्याकडे एकवार पाहिलं, बॅगेत डोकेदुखीच्या गोळ्या टाकल्या आणि विषय संपवला.

तिचंही काही चुकत नाही म्हणा. दिवस-रात्र चालणाऱ्या त्या जुन्या परदेशी शर्यतींचं वेड मला कॉलेजात असताना रद्दीतल्या मासिकांनी लावलं. एक गाडी, दोन ड्रायव्हर. एक चालवतोय, दुसरा तेलकट सतरंजीवर डुलकी काढतोय. पाऊस पडो, दिवे फुटोत, शेवटपर्यंत टिकेल तो खरा! पुण्याच्या आमच्या विमा कचेरीत माझ्यासमोर मोटारीचा 'मो'सुद्धा कोणी काढत नसे. शेवटी 'गेले ते दिवस' अशा सुरात मी एक लेख लिहिला. तो छापून आला आणि अख्ख्या महाराष्ट्रातून त्यावर एक पत्र आलं, तेही चुका काढणारं. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या धनराजभाऊ मिस्त्रींचं. 'तुम्ही कधी चाक तरी बदलले आहे काय? मी वीस वर्षांपूर्वी दहा तासांची शर्यत धावलो आहे. माझी एक फेरी बाकी आहे. बाजूला बसायला डोळे असलेला माणूस पाहिजे. लवकर या.'

असं पत्र आल्यावर कोण घरी बसेल?

फेब्रुवारीतल्या सकाळी नागपूर स्टेशनवर उतरलो आणि सायकलरिक्षा केली. पत्ता सांगताच रिक्षावाला वळून म्हणाला, "त्या शर्यतवाल्या बुढ्याकडे जाऊन राहिले काय? मंग पोटभर चहा पिऊन घ्या भाऊ. तो बोलाले लागला का थांबत नाही." मी खूश झालो. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा माणसाकडे चाललो होतो, ज्याच्यापुढे मला गप्प बसावं लागणार होतं.

धनराजभाऊ अंगणातच उभे होते. सत्तरीचे, सडपातळ, खाकी अर्धी चड्डी आणि नाकावर जाड भिंगं. चहा बशीत ओतला तो निम्मा स्वतःच्या मांडीवर. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, पण त्यांच्या पत्नी सुमनबाई सरळ बोलल्या, "काचबिंदू झाला त्याह्यले. डॉक्टर म्हणते, उन्हाळ्यापर्यंत दिसलं तं दिसलं. त्या एका फेरीपायी रात्ररात्र झोपत नाही हा माणूस. घेऊन जा एकडावचे." मग दारापर्यंत येऊन त्यांनी बजावलं, "अन् माह्या भावाच्या घरी जेवल्याशिवाय वापस येऊ नका."

हे ऐकून धनराजभाऊंचा चेहरा का पडला, ते मला वाटेत कळलं.

गाडी पाहून मात्र मी हरखलो. उघडी, दोन माणसांची, वर टप नाही, समोर काच नाही; सांगाडा कुठल्या जुन्या विलायती गाडीचा आणि वरचा पत्रा इथल्याच एका टिनवाल्यानं ठोकलेला. ढकलून ढकलून तासाभरानं ती सुरू झाली. रस्त्यावर मी चालवायची आणि फेरी त्यांनी मारायची, असं ठरलं होतं. जगातल्या यच्चयावत शर्यतींचा इतिहास तोंडपाठ असलेल्या मी ऐटीत गियर टाकला आणि गाडी मागे गेली. तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं.

"लेख चांगला लिहिता तुम्ही," धनराजभाऊ म्हणाले.

उमरेड मागे पडलं तसे ते खुलले. भिवापूरकडे, त्यांच्या सासुरवाडीच्या शिवारात युद्धाच्या काळी बांधून सोडून दिलेली एक विमानांची धावपट्टी होती. शर्यत तिथेच झाली. पट्टीच्या टोकाला डांबराचा ड्रम, त्याला वळसा घालून परत आलं की एक फेरी. दुपारपर्यंत धनराजभाऊ पहिले होते. पेट्रोल भरायला गाडी थांबवली आणि पाहतात तर कडुनिंबाखाली पाट मांडलेला, ताटाभोवती रांगोळी, आणि सासू पंखा घेऊन उभी.

"जवाई गावात आला अन् उपाशी गेला तं लोक काय म्हणतीन, म्हणे."

"आणि तुम्ही बसलात? शर्यत चालू असताना?"

"मंग काय करता? सासू होती गा! वड्यावर वडे. नाही म्हटलं तं डोळ्यांत पाणी आणे. चाळीस मिनिटं गेली. हारलो किती? एक फेरी. तेवढी मारली का बरोबरी."

माझा तिळपापड झाला. "अहो, तिकडे ते लोक एका हातात पाव धरून गाडी हाकत होते!"

"त्याह्यले सासुरवाडी नसन," धनराजभाऊ शांतपणे म्हणाले.

धावपट्टी दिसली आणि मी ब्रेकच दाबला. पट्टी कुठे होती? या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या लालभडक मिरच्या! भिवापुरी मिरची वाळवायला याहून सपाट जागा पंचक्रोशीत नव्हती. डोक्याला फडकी बांधलेल्या पंधरावीस बाया त्या परतत होत्या आणि मध्ये धनराजभाऊंच्या मेहुण्याची बायको, पार्वताबाई, कमरेवर हात ठेवून उभी.

"या भाऊजी! आधी जेवण."

"आधी फेरी, वहिनी. मागच्या टायमालेही आधी जेवण झालं होतं."

"मिरच्यांवरून जाता काय? तुम्ही जेवा, तवरक बाया वाट करते. ए वं, सरकवा गा... सरकवा वं त्या बाजूनं!"

घाईत तिनं बायांनाही 'गा' म्हणून पुरुषांत जमा केलं होतं. नाइलाज झाला. पण गाडी बंद केली तर पुन्हा सुरू होईल याची खात्री देवही देईना, म्हणून ती तशीच कडुनिंबाखाली घरघरत ठेवून आम्ही पट्टीलगतच्या त्यांच्या घरात पाटावर बसलो. वडे, कढी, वांग्याची भाजी, तुपात बुडालेली पुरणपोळी. पंक्तीतला प्रत्येक घास मी इंजिनाकडे कान लावून गिळला. "भाऊजी, अर्धी घ्या. माही शपथ आहे." धनराजभाऊंनी अर्धी घेतली. "आता पाहुण्याले वाढा." मीही घेतली. दुसरी पोळी ताटात पडली आणि बाहेर इंजिन खोकलं. एकदा, दोनदा.

धनराजभाऊंचा हात ताटातच थांबला. मग ते उठले. भरल्या ताटावरून, सासुरवाडीत, जावई उठला! पार्वताबाईच्या हातातली तुपाची वाटी तिरपी झाली.

"काहून उठले? अन्न टाकून चालले?"

"झाकून ठेव वहिनी. येतोच."

उष्टा हात चड्डीला पुसत ते स्टिअरिंगमागे बसले, मी बाजूला. बायांनी गाडीपुरती वाट काढली होती, दोन्हीकडे मिरचीचे ढीग. मी डावं-उजवं सांगायचं असा करार होता. गाडी सुटली आणि वाऱ्यानं दोन्ही बाजूंची मिरचीची धूळ थेट तोंडावर आली. बाप रे बाप! माझे डोळे जे मिटले ते मिटलेच. शिंकांवर शिंका. डावं सांगायचं तर तोंडातून शब्द फुटेना.

"सांगा ना गा!" धनराजभाऊ ओरडले.

"मला काहीच दिसत नाही!"

"मलेबी नाही!" म्हणाले, आणि हसले. त्यांनी वेग वाढवला. मी दोन्ही हातांनी दार धरून देवाचं नाव घेतलं. कुठेतरी गाडी झुकली, चाकं करकरली, ड्रमाचा वळसा झाला असावा. मग पुन्हा सरळ, आणि समोरून बायांच्या शिंका आणि आरडाओरडा जवळ जवळ येत गेला. कडुनिंबाच्या सावलीचा गारवा अंगाला लागला आणि इंजिन आपसूक बंद पडलं.

पदरानं डोळे पुसून पाहिलं, पदर कुणाचा होता ते अजून ठाऊक नाही, तर मागे एकही ढीग मोडलेला नव्हता. धनराजभाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. गालांवरून पाणी वाहत होतं, ते मिरचीचं किती आणि त्यांचं किती, मी विचारलं नाही.

"झाली," ते म्हणाले. "आता डोळे गेले तं जाऊ दे."

मग आत जाऊन त्यांनी झाकलेलं ताट संपवलं, वर दोन वडे मागून घेतले.

पुण्याला परतलो तेव्हा कचेरीत सगळ्यांनी विचारलं, काय पाहिलंत? खरं सांगायचं तर काहीच नाही. ज्या सुवर्णकाळासाठी मी जन्मभर हळहळलो, त्यात मला तीन मिनिटं बसायला मिळालं, आणि ती तिन्ही मिनिटं माझे डोळे घट्ट मिटलेले होते.