आतला रस्ता

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागलो की मला मध्ये थांबवलेलं चालत नाही. आणि या प्रकरणात माझी जी काही शोभा झाली, ती मी माझ्याच तोंडाने सांगतोय, एवढी तरी कदर ठेवा. घरात अजून कुणी 'वाळू' म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात!

तर मी राहायला कासारवाडीत, नोकरीला चाकणला. डिस्पॅचमध्ये. म्हणजे आमचा माल समोरच्या कंपनीच्या गेटवर वेळेत पोचवायचा, आणि नाही पोचला तर शिव्या खायच्या. ज्याने चाकणचा तळेगाव चौक पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नकोच. तिथे लायनीत उभा राहिलेला माणूस रिटायर होईल, पण चौक ओलांडणार नाही.

तिथे जगायचं तर आतला रस्ता माहीत पाहिजे. पुढे ट्रक थांबलेले दिसले की विचार करायचा नाही, डावीकडे स्टिअरिंग मारायचं. गोठ्यामागून, वीटभट्टीवरून, कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाखालून, पण गाडी पुढे निघते. आणि गंमत काय, एक जण आत वळला की मागचे दहा वळतात. कुठे चाललाय, कुणी विचारत नाही.

या विषयात मी मास्टर आहे, राव. होतो.

यंदा मार्चमध्ये तन्वीची दहावी संपली. पोरगी म्हणाली, पप्पा, लांब कुठेतरी जाऊ. मी महाबळेश्वर म्हणणार, तेवढ्यात आमची बायको मनीषा म्हणाली, "विकासकडे जाऊ."

विकास म्हणजे माझा मेव्हणा, मनीषाचा धाकटा भाऊ. सीमेवर जवान आहे, राजस्थानात, पार जैसलमेरच्या पुढे. गेल्या दिवाळीलाही त्याला सुट्टी मिळाली नव्हती. भाऊबीज झाली व्हिडिओ कॉलवर. आणि तो कॉल तरी धड असावा ना! विकासचा चेहरा तोंड उघड्या अवस्थेत अडकला, आणि आमची ही त्या अडकलेल्या चेहऱ्यालाच ओवाळत बसली. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं.

तर विकासला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, सीमेकडं येणाऱ्या रस्त्याला देवीचं देऊळ हाय, तिथवर पब्लिकला येता येतं. साहेबांनी एक दुपार सुट्टी दिलीय. पर टायमात या गं. संध्याकाळी मला पुढच्या चौकीवर जायचंय. मग महिना-दोन महिने फोन बी लागायचा न्हाई."

"टायमाचं टेन्शन घेऊ नको, भावा," मी मागून ओरडलो, "तुझे दाजी डिस्पॅचला आहेत!"

काय गरज होती सांगा?

सासूबाईंनी मावळातून डबा पाठवला. मेथीचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, धपाटी. हा भला मोठा स्टीलचा डबा! मनीषाने तो डिकीत ठेवू दिला नाही. लाडू फुटतील म्हणे. सगळं गुजरात तिने मांडीवर डबा घेऊन ओलांडलं.

भेटीच्या दिवशी सकाळी जैसलमेर सोडलं. रस्ता कसा, तर काठीसारखा सरळ. दोन्हीकडे वाळू, खुरटी झुडपं आणि एखादा उंट. खड्डा नाही, रिक्षा नाही, सिग्नल नाही. मला तर गाडी चालवल्यासारखंच वाटेना.

आणि अचानक समोर ट्रकची लाइन! मागे चार-सहा कार. ट्रकवाले खाली उतरून ट्रकच्या सावलीत निवांत बसलेले. पुढे काय झालंय, काही दिसत नव्हतं.

झालं! ट्रकची लाइन बघितल्याबरोबर माझा डावा हात आपोआप वळवळायला लागला.

"अहो, थांबा ना जरा," मनीषा म्हणाली. "सगळे थांबलेत."

"सगळे थांबलेत म्हणूनच तर! आपण थांबलो तर विकास बसेल देवळात घंटा वाजवत."

"पण रस्ता कुठाय?"

डावीकडे वाळूत चाकांच्या दोन पुसट रेघा गेलेल्या दिसत होत्या. मी बोट दाखवलं. "हा काय! आतून असतोच गं रस्ता. पुढे परत मेन रोडला लागतो."

गाडी खाली घातली. एक ट्रकवाला उठून दोन्ही हात हलवायला लागला. आता मला सांगा, चाकणला ट्रकवाला हात हलवतो तो कशासाठी? जा बाबा, जागा आहे, यासाठीच ना? मीही हात केला. थँक्यू म्हटलं त्याला!

थोडं पुढे जाऊन आरशात बघतो तर मागे एक गाडी. नंबर कोणता? एमएच चौदा! आपल्या पिंपरी-चिंचवडची! तिच्यामागे गुजरातची एक, तिच्यामागे अजून एक पांढरी. छाती अशी फुगली म्हणून सांगू!

"बघ," मी मनीषाला म्हटलं, "तीन गाड्या आल्या मागे. लोक काय येडे आहेत का?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता.

त्या दोन रेघा थोड्याच वेळात गायब झाल्या. मोबाईलची रेंज गेली. मॅपवर नुसता निळा ठिपका, आणि भोवती काहीच नाही! चाकणला निदान एखादं मंगल कार्यालय तरी दाखवतं हो. मग मी आपला हिशोब लावला. वाळूची टेकडी आली की डावीकडून वळसा. पुढची आली, परत डावीकडून. सवयच ती!

"पप्पा, आपण सारखं लेफ्टच का घेतोय?" तन्वीने विचारलं.

"तू गाणी ऐक."

आणि मग देवच पावला. समोर चाकांच्या ताज्या खुणा! चांगल्या ठसठशीत. "हे बघा ट्रॅफिक! म्हटलं नव्हतं?" खुणांवरून जरा पुढे गेलो, तर पुढे चक्क एक पांढरी गाडी. मी आनंदाने हॉर्न वाजवला. तो काही बाजू देईना. एवढ्या मोठ्या वाळवंटात, आणि बाजू देत नाही! माझं डोकंच फिरलं. घातली गाडी बाजूला, ओव्हरटेक मारायला.

"पप्पा," तन्वी म्हणाली, "त्या गाडीच्या काचेत तो निळा हत्ती आहे ना..."

"असेल."

"तो मगाशी आपल्या मागे होता."

पटकन कळलं नाही मला. मग कळलं. ती पांढरी गाडी माझ्याच लायनीतली शेवटची गाडी होती! मी तिच्यापुढचा, ती माझ्यामागची, आणि मी तिच्यामागे! सगळी वरात गोल फिरत होती, आणि नवरदेव होतो मी.

त्याच क्षणी माझी गाडी वाळूत बसली. पाहुण्यासारखी, ऐसपैस. मी थांबलो म्हणून मागचे थांबले, आणि जो थांबला तो रुतला.

सगळे उतरले. एमएच चौदावाला मारुंजीत राहणारा आयटीतला पोरगा निघाला. "काका, आम्ही तर तुमचा नंबर बघून आलो. म्हटलं, काय सफाईने डावीकडे घुसले! हे नक्की रोज चाकणला जात असणार."

गुजरातवाले काका घाम पुसत म्हणाले, "भाईसाब, आगे क्या है?"

आता काय बोलणार? खरं तेच बोललो. "आगे तो आप ही हैं."

वरून ऊन. रेंज नाही. दुपार सरत चाललेली. मनीषा डबा घेऊन गाडीच्या सावलीत बसली होती. भांडली असती तर परवडलं असतं हो! ती फक्त एवढंच म्हणाली, "तो देवळापाशी उभा असेल." मला त्या वाळूत तोंड खुपसावंसं वाटलं. बाईने सबंध गुजरातभर एक लाडू फुटू दिला नाही, आणि मी शेवटच्या पट्ट्यात सगळा माल अडकवून ठेवला.

तेवढ्यात धुरळा उडवत लष्करी ट्रक आला. जवान उतरले, फावडी घेऊन. पुढे एक उंचेपुरे साहेब. त्यांनी आमच्या गाड्यांकडे बघितलं, मग वाळूतल्या गोल खुणांकडे बघितलं, आणि थंड आवाजात विचारलं, "इस काफिले का लीडर कौन है?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. तन्वीनेसुद्धा!

"किसने बताया, इधर रास्ता है?"

"साहब, बताया किसी ने नहीं. हमारे यहाँ ऐसाच करते हैं."

"यहाँ मतलब?"

"चाकण."

साहेबांच्या कपाळावर आठी. "ये चाकण किस मुल्क में पड़ता है?"

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मग एक जवान पुढे आला, सावधान उभा राहिला, आणि मान खाली घालून म्हणाला, "सर... मेरे जीजाजी हैं."

विकास!

नंतर सगळा उलगडा झाला. टेहळणीच्या बुरुजावरून पहारेकऱ्याला धुरळा दिसला. चार गाड्या सीमेजवळ गोल गोल फिरतायत! संशय येणारच. लगेच फोनाफोनी, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. विकास बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून देवळापाशी उभा होता, त्याला तिथून उचलून, वर्दी चढवून ट्रकमध्ये बसवला.

"दाजी, खरं सांगतो," विकास म्हणाला, "ट्रकमधे बसून लई शिव्या दिल्या. कोण येडं घुसलंय म्हणून. आता मागं घेतो."

"कशाला घेतोस?" मनीषा म्हणाली. "राहू दे."

आणि ती लाइन कशाची होती, माहितीये? रस्त्यावर वाळू आली होती, ती मशीन लावून बाजूला काढत होते. आम्ही वळलो आणि थोड्याच वेळात रस्ता मोकळा झाला. ट्रकवाले केव्हाच जेवायला पोचले. आणि तो हात हलवणारा, तो 'नको' म्हणत होता!

साहेबांनी निकाल दिला. गाड्या निघाल्या की आम्हाला मेन रोडला सोडणार, आणि विकास तिथूनच परस्पर पुढच्या चौकीवर. म्हणजे बहीणभावाची भेट किती? तर गाड्या खणून होईपर्यंत.

अपराधी माणूस काय करतो? मी फावडं घेतलं आणि जेसीबीसारखा सुटलो. मारुंजीवाला निघाला, गुजरातवाले निघाले, निळा हत्ती निघाला. माझ्या गाडीला हात घातला तशी मनीषा हळूच जवळ आली. विकास वाळू उपसत होता आणि ती त्याला लाडू भरवत होती, हात पिठाळ झाले होते.

"अहो," ती कुजबुजली, "हळू खणा."

मी तिच्याकडे बघितलं. मग काय! एक फावडं बाहेर काढायचो, आणि पायाने दोन फावडी आत ढकलायचो. साहेबांनी ते बघितलं. नुसतं बघितलं, आणि पाठ फिरवून डब्यातला एक लाडू उचलला. दुसराही उचलला.

तेवढ्यात तिने डब्याच्या झाकणावर लाडू ठेवून भावाला ओवाळून घेतलं. दिवा नाही, पाट नाही. पण यावेळी चेहरा अडकला नाही. उलट हसत होता, गालावर वाळू घेऊन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाळूमुळे नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

आता माझी वागणूक सुधारली म्हणता? छे! परवाच चौकात ट्रक थांबलेले दिसले आणि डावा हात लागला वळवळायला. पण आता तसं करता येत नाही. मनीषाने डॅशबोर्डवर, बरोबर स्टिअरिंगच्या वर, एक फोटो चिकटवलाय. महिन्याभराने विकासच्या फोनला रेंज आली तेव्हा त्याने पाठवला होता. आम्ही जिथून डावीकडे वळलो, तिथे साहेबांनी नवीकोरी पाटी ठोकलीय. वर ठळक हिंदीत, 'यहाँ से रास्ता नहीं है.'

आणि खाली, साहेबांच्या खास परवानगीने, मराठीत: 'दाजी, आतून बी न्हाई.'