पाचव्या दिवसाची राख

नील्दा किस्पे जमिनीला पाजल्याशिवाय चहा प्यायची नाही. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या मंडपात, ग्लास हातात आला की पहिला घोट हळूच फरशीवर. टेबलं पुसणारी आंटी खेकसायची, "अय्यो, अगेन यू स्पिल, लाह!" मग नील्दा मान खाली घालून टिश्यूने फरशी पुसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला आधी हसू यायचं. नंतर लक्षात आलं की जेवायला बसताना माझे बाबा ताटाभोवती पाणी फिरवायचे, तेव्हा मला हसू येत नव्हतं.

ती पेरू देशाची, मी पुण्याची. युनिव्हर्सिटीच्या एकाच लॅबमध्ये ती तंत्रज्ञ आणि मी संशोधक, आणि बुकित बातोकला नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकेक खोली दोघींची. बोलणं इंग्रजीत, तिचं एका गावचं, माझं दुसऱ्या गावचं. "सुमेधा, तू फार मदत करतेस," असं ती म्हणायची, आणि ते कौतुक आहे असं मी खुशाल धरून चालले होते.

तिचं गाव अँडीज पर्वतात, इतक्या उंचावर की तिथे बटाट्याशिवाय फारसं काही पिकत नाही. ती चार वर्षांची असताना गावात गोळीबार सुरू झाला आणि आई दोन्ही मुलींना घेऊन ट्रकने लिमा शहरात आली. मोठी मारुहा आईचं बोट धरून, नील्दा आईच्या पाठीवर, लोकरीच्या लाल पट्ट्यांच्या कापडात बांधलेली. त्या कापडाला ते लिक्ला म्हणतात. शहराबाहेरच्या वाळूच्या टेकडीवर चटयांच्या भिंतींचं घर झालं. आई उकडलेला मका विकायची. शहरातले लोक तिच्या वेण्यांना आणि घेरदार परकराला हसायचे. पण रविवारी त्यांच्याच गावचे सगळे एका धुळीच्या मैदानात जमायचे, हार्प आणि व्हायोलिन वाजायचं, आणि बिअरचा पहिला घोट जमिनीला देऊन आई दिवस मावळेपर्यंत नाचायची. नील्दाही दर रविवारी आमच्या स्वयंपाकघरात मोबाइलवर तीच गाणी लावून, भांडी घासता घासता टाचा आपटायची.

सिंगापूरला निघताना आईने तिला ती लिक्ला दिली. नील्दाने ती कधी धुतली नाही. उशाशी गुंडाळून ठेवायची. तिला धुराचा, मक्याचा आणि माणसाचा वास होता.

मागच्या वर्षी एका मंगळवारी सकाळी मारुहाचा फोन आला. आई गेली. जायचं म्हटलं तर दीड-दोन दिवसांचा प्रवास, आणि दफन दुसऱ्याच दिवशी. नील्दा गेली नाही. बुधवारी ती चर्चला गेली आणि मी कामाला लागले.

आमच्याकडे मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारणी पिठलं-भात आणतात, आवरतात, धुवून काढतात. दुःखातल्या माणसाला कशाला हात लावू द्यायचा नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. मी पिठलं टाकलं, फरशी पुसली, तिच्या खोलीतली चादर, उशीचे अभ्रे काढले. आणि उशाशी पडलेली लिक्लाही. मशीनमध्ये चांगलं दोन झाकणं लिक्विड घातलं. खिडकीबाहेरच्या बांबूवर सगळं वाळत घातलं आणि स्वतःवर खूश झाले.

तिने ते खालूनच पाहिलं. वर आली ती धावत. ओली लिक्ला ओढून घेतली, तोंडाशी धरली. नुसता लॅव्हेंडरचा वास.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली बसून तिने मला समजावून सांगितलं, लॅबमधल्या नवीन पोरींना सांगते तसं. "पाच दिवस माणूस आपल्या कपड्यांत राहतं, सुमेधा. पाचव्या दिवशी घरच्यांनी ते वाहत्या पाण्यात धुवायचे. मग ते माणूस निरोप घ्यायला येतं. रात्री जमिनीवर राख पसरतात. सकाळी पाऊल उमटलेलं दिसतं." मग म्हणाली, "माझ्याकडे आईचं एवढंच होतं. आता ती कुठून येईल?"

माझ्या आजोळीही दहाव्याला पीठ पसरून टोपलीखाली झाकतात आणि सकाळी ठसा बघतात. लहानपणी मी तो पाहिलाही होता. सगळं ठाऊक असलेली बाई मी, पण हात उचलण्याआधी विचारलं नाही. माझे बाबा गेले तेव्हा मलाही जाता आलं नव्हतं, अंत्यविधी फोनवरच बघितला होता. त्यांचा मफलर कुणी असा धुतला असता तर मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी मी ब्लॉकखालच्या पत्र्याच्या पिंपातून राख आणली. चिनी शेजारी त्यात पितरांसाठी कागद जाळतात. पिंपाला हात जोडले, चहाच्या गाळणीने राख चाळली आणि आम्ही दोघींनी ती दाराशी पसरली. नील्दाने लिक्ला नळाखाली पुन्हा धुतली. झोपायला जाताना मी माझ्या देवाला, तिच्या देवाला, सगळ्यांना विनवलं.

सकाळी राख कोरी होती. नील्दाने ती झाडली नाही. दिवसभर आम्ही कडेकडेने ये-जा केली. तो रविवार होता, पण गाणी लागली नाहीत.

दिवेलागणीला मारुहाचा निरोप आला. तिकडे तेव्हा उजाडत होतं. नील्दाने मला अर्थ सांगितला. 'इथे राख कोरी आहे. रात्रभर रडले. मग वाटलं, आई तुझ्याकडेच गेली असेल, तू धाकटी ना. आली होती का गं?'

नील्दा उठून दाराशी गेली. मग तिने चप्पल काढली, उजवं पाऊल राखेवर ठेवलं, भार देऊन उचललं. फोटो काढला आणि पाठवला.

लगेच व्हॉइस मेसेज आला. मारुहा रडत होती, हसत होती, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी विचारलं नाही, तरी नील्दाने सांगितलं, "म्हणते, आईचंच पाऊल. अंगठासुद्धा तसाच."

ती खुर्चीवर बसली आणि पायाची राख पुसू लागली. मी फडकं घेऊन पुढे झाले.

"नको," ती म्हणाली. "तू काही करू नकोस."