इंजिनाभोवतीची फट

"इंजिन घेऊन जा साहेब, नाईतर माहा पोरगा करडीले घरजावई होऊन बसते!"

गोविंदरावांनी मला बूटही काढू दिले नाहीत. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी डिझेल इंजिनांचा सर्व्हिस इंजिनिअर होतो. सिहोऱ्याला गोविंदरावांच्या राइस मिलमध्ये दिवाळीनंतर आम्हीच नवं इंजिन बसवलं होतं. मिल आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत. हंगामात मिल रात्रंदिवस चाले. त्यांची सून सुलोचना हिची झोप तेव्हापासून उडाली. डोकं जड, कशात लक्ष नाही, वरणात दोनदा मीठ. शेवटी ती माहेरी करडीला गेली आणि तिच्या मागोमाग मुलगा मनोहरही. मी येणार म्हणून तो तेवढा आला होता.

मी इंजिन चालू करायला लावलं. सायलेन्सर झकास काम करत होता.

"आवाज कुठी हाय, सांगा! माहेरी राहाचं निमित्त हाय हे. इंजिन गेलं का निमित्तही गेलं," गोविंदराव म्हणाले.

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. पण मनोहर तडकला. "बाबूजी, ते म्हणते कानात नाई, छातीत वाजते. कापूस घातला तरी वाजते."

मी सावध झालो. बारीक, चिरका आवाज कापसाने अडतो. खालच्या पट्टीतला जाड आवाज, आमच्या भाषेत लो फ्रीक्वेन्सी, कापसाला भीक घालत नाही. तो कानाला कमी आणि अंगाला जास्त कळतो. माणसाला नीट झोपूही देत नाही आणि धड जागंही राहू देत नाही.

आम्ही तिच्या खोलीत गेलो. फळीवरच्या गडव्यातल्या, म्हणजे तांब्यातल्या, पाण्यावर बारीक वर्तुळं नाचत होती. मी गोविंदरावांना भिंतीला पाठ टेकून बसवलं. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उतरला.

"छातीत कोंबडी फडफडल्यावानी होऊन राहिलं जी!"

आता कोडं मला पडलं. इंजिनाच्या पायाभोवती आम्ही मुद्दाम फट ठेवतो. पाया सुटा राहिला की थरथर तिथेच थांबते, भिंतीपर्यंत जात नाही. मी परत मिलमध्ये जाऊन वाकून पाहिलं. फट गायब! वर गुळगुळीत सिमेंट.

"फट काहून बुजवली?" मीही त्यांच्याच बोलीत ओरडलो.

"धान सांडे ना तिच्यात! लक्ष्मी हाय ते. सडू कशी देऊ?"

आता या माणसावर चिडायचं तरी कसं? आम्ही छिन्नीने सिमेंट फोडलं. धान आत पडू नये म्हणून फटीवर बारदान्याची पट्टी अंथरली, एकाच बाजूने ठोकलेली, म्हणजे पाया सुटाच राहील. इंजिन चालू केलं. गडव्यातलं पाणी गप्प! मनोहरने मला मिठीच मारली.

गोविंदराव स्वतः करडीला गेले आणि "तुहंच खरं होतं" असं व्याह्यांसमोर म्हणून, गडव्यातलं पाणी गप्प झाल्याचं सांगून सुनेला घेऊन आले. उंबऱ्यातच ती म्हणाली, "आधी गडवा दाखवा, मामाजी."

पुढच्या फेरीत मी भरदुपारी गेलो. इंजिन जोरात चालू होतं. मी दारातून हाक मारली तसे गोविंदराव ओठांवर बोट ठेवून धावत आले.

"हळू बोला ना जी! सून झोपली हाय."

मग त्यांनी स्वतः चहा केला, कपबशी वाजू न देता. साखर घालायला विसरले होते. मी निमूट प्यालो.

त्या दिवसापासून आवाजाची कम्प्लेंट आली की मी इंजिनाकडे नंतर जातो. आधी शेजारच्या खोलीत जाऊन बसतो.