खोडायचं नाही!

लातूरला कुणी भेटलं की म्हणतं, "ताई, त्या चित्रांच्या वर्गाचा एखादा किस्सा सांगा की!" एखादा? पाण्याच्या त्या टंचाईत आमच्याकडे मुबलक साचले ते किस्सेच!

बडोद्याला चित्रकला शिकून मी रेणापूरला परतले, ती माणसांची नाती सुधारायचीच असं ठरवून. लातूर नवा जिल्हा झालेला, पाऊस रुसलेला. दर रविवारी शाळेच्या खोलीत घरोघरची माणसं जमवायचे. मनातलं कागदावर काढा म्हणायचे. नियम एकच, काढलेलं खोडायचं नाही. रबरच ठेवला नव्हता.

*

पहिल्या दिवशी जलरंग. वाट्यांत पाणी भरलं आणि कागद आणायला गेले. परतले तर वाट्या कोरड्या, आणि किराणावाल्या महालिंगप्पांच्या गंगाबाई कळशीवर झाकण ठेवताहेत!

"कोरडं चित्र बी लई छान दिसतंय, ताई!"

*

मग विषय दिला, 'माझ्या सगळ्यात जवळचं माणूस'. नवरे निघतील, आया निघतील, रडारड होईल म्हणून रुमाल तयार ठेवला.

बायकांनी एकजात टँकरचा ड्रायव्हर काढला! एकीने तर मिशीसकट. तिचा बिनमिशीचा नवरा शेजारीच बसला होता.

*

नव्या जिल्ह्याच्या ऑफिसातले एक साहेब पाहणीला आले. म्हटलं, "कुटुंब काढा."

त्यांनी कागदभर खुर्ची काढली.

"आणि वहिनी?"

"त्यांची ऑर्डर निघायचीय अजून."

लोक हसले तसे साहेब ओशाळून रबर मागू लागले. महालिंगप्पा गरजले, "साहेब, नियम म्हंजे नियम! खोडायचं न्हाई!"

साहेब खुर्ची गुंडाळून घेऊन गेले. नव्या जिल्ह्याचं एवढंच काम रेणापूरने डोळ्यांनी पाहिलं.

*

महालिंगप्पांची सून शोभा. नांदेडला मास्तरणीच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला होता, सोमवारी हजर व्हायचं होतं. नवरा तयार, पण बापापुढे त्याचं तोंड उघडत नसे. सासरे रोज एकच म्हणायचे, "बघू की." हापशावरून घरचं पाणी शोभाच आणायची ना!

आदल्या दिवशी, रविवारी, मी विषय दिला, 'आमचं घर'. महालिंगप्पांनी स्वतःला काढलं, दुकान, तराजू, गंगाबाई, मुलगा, म्हैसही काढली. शोभा नाही.

"सून कुठंय, अप्पा?"

"पाण्याला गेलीय. येईल की!"

खोली हसली. शोभा हसली नाही. "मामा, जरा सरका," म्हणत तिने खडू उचलला. कागदाच्या कडेला एसटी काढली, खिडकीत स्वतः. मग सासऱ्यांच्या खांद्यावर ठसठशीत घागर.

अप्पांनी कागद जवळ ओढला. मग हळूच म्हणाले, "ताई, रबर हाय का?"

मी तोंड उघडायच्या आत गंगाबाई कडाडल्या, "नियम म्हंजे नियम!"

मंगळवारी हापशाच्या रांगेत अप्पा उभे. खांद्यावर घागर, धोतर भिजलेलं. मला पाहून तोंड फिरवलं. पण राहवेना त्यांना.

"ताई, नांदेडला निरोप द्या तिला. घागर उजव्या खांद्यावर काढलीय तिनं. माझा डावा चांगला हाय."